घाटात ‘हॅलो’ चालत नाही

गणपती जवळ आले की बंगळुरूतल्या मराठी घरांत दोन याद्या सुरू होतात. एक सामानाची आणि दुसरी कोण कुणाच्या गाडीत बसणार याची. पहिली यादी लवकर संपते. दुसरी निघायच्या सकाळपर्यंत बदलत राहते, कारण आत्याला पुढची सीट लागते, मुलांना एकाच गाडीत बसायचं असतं आणि आजीला त्या गाडीत अजिबात बसायचं नसतं जिच्यात मुलं आहेत.

यशवंतपूरहून निघायचं तर रस्ता ठरलेला आहे. गोरगुंटेपाळ्यावरून तुमकूर रोड, मग नेलमंगला, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि बेळगाव. तिथून ज्याचं त्याचं गाव. कुणी सरळ निपाणीवरून कोल्हापूर, कुणी चोर्ला उतरून गोवा, आम्ही आंबोली उतरून सावंतवाडीकडे. सहाशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला आणि दोन-तीन गाड्यांची वरात. हल्ली काही कुटुंबं कॅरव्हॅनही भाड्याने घेतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. आजीआजोबांना आडवं होता येतं, स्वच्छतागृह बरोबर असतं, ही सोय छोटी नाही. पण कॅरव्हॅन असली तरी तिच्याबरोबर एखादी गाडी असतेच, कारण आपल्याकडे एकटं कोण जातं?

तर या वरातीत बोलायचं कसं, हा आजचा विषय. फोन आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. पुढच्या गाडीतला फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि त्याच्यावर नकाशा चालू असतो. मागच्या गाडीतून फोन आला की नकाशा गायब होतो आणि नेमका तेव्हाच फाटा येतो. काका बाबांना फोन करतात, बाबा गाडी चालवत असतात म्हणून आई उचलते, आई काकूला सांगते, काकू काकांना सांगते. तिसऱ्या गाडीला कुणीच सांगत नाही. ते दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, ‘चहाला थांबलात का?’

हे सगळं हायवेवर हसण्यावारी जातं. घाटात जात नाही. दोन वर्षांपूर्वी आंबोलीत आम्ही पुढे होतो आणि आत्याची गाडी मागे. गणपतीच्या दिवसांतला आंबोली घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना धुकं म्हणजे काय ते सांगायला नको. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले तरी नशीब समजायचं. आत्याला मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली होती, खाणं राहिलं होतं, आणि घाटाच्या तोंडाशी तिला दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली. बिस्किटं, ग्लुकोजची पावडर, आईने करून दिलेले लाडू, सगळं आमच्या डिकीत. ते फोन लावत होते, आमचे फोन गप्प होते. आम्ही गप्पा मारत घाट उतरलो. खाली आल्यावर रेंज आली आणि एकदम सात मिस्ड कॉल दिसले. तोवर कणीस विकणाऱ्या एका बाईंनी आत्याला साखर घालून चहा पाजला होता. ती ठीक झाली. पण चाळीस मिनिटं आमच्यातल्या कुणाला पत्ताच नव्हता की मागे गाडी नाही.

त्यानंतर मी वॉकी-टॉकीचा विषय काढला. काकांचं म्हणणं होतं की हे पोलीस आणि सिक्युरिटीवाल्यांचं काम. खरं म्हणजे यशवंतपूरला राहणाऱ्याला हे यंत्र अनोळखी असायचं कारण नाही. स्टेशनवर शेवटच्या डब्याजवळ उभे असणारे ट्रेन मॅनेजर (गार्ड म्हणायची सवय अजून गेली नाही, पदाचं नाव २०२२ मध्ये बदललं) इंजिनातल्या लोको पायलटशी त्याच्यावरच बोलतात. मधे वीस-बावीस डबे असतात, हाक मारून भागत नाही. आणि आमच्या घरापासून थोडं वर गेलं की जालहळ्ळी. तिथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने सैन्यासाठी रेडिओ संच बनवत कितीतरी वर्षं काढली. आमच्या इमारतीतले निम्मे निवृत्त आजोबा तिथलेच.

वॉकी-टॉकीचं काम अगदी साधं आहे. एक बटण. दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दोन्ही एकदम होत नाही. मधे टॉवर नाही, सिम नाही, बिल नाही. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटवर जाते. आणि एका चॅनेलवर जितके सेट असतील तितक्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं. माझ्या मते खरी मजा इथेच आहे. काकू ते काका ते बाबा ही साखळी संपते. ‘पुढे टोल, सुटे लागणार नाहीत’ हे एकदाच बोललं जातं आणि तिन्ही गाड्यांत पोचतं.

आपल्याला ही कल्पना नवीन नाही. एसटीच्या कंडक्टरची दोरी आठवा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ‘डबल बेल’ हा शब्द त्यातूनच आपल्या बोलण्यात आला. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारतो तेही तेच. आणि वारीत तर लाखो माणसांचा तळ आवाजाच्या इशाऱ्यावर हलतो: माउलींच्या पालखी सोहळ्यात पहिला कर्णा झाला की सामान आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत जागा घ्यायची, तिसऱ्याला चालायला लागायचं. दिंड्यांचे ट्रक सामान घेऊन पुढच्या मुक्कामी पोचलेले असतात. प्रत्येकाशी वेगळं बोलायची गरजच नाही. इशारा एक, अर्थ आधी ठरलेला, ऐकतात सगळे.

आता खरेदी. इथे जरा सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती कायद्याची चूक असते.

आपल्या देशात वायरलेस सेट नुसता बाळगण्यावरही नियम आहेत, आणि ते १९३३ च्या कायद्यापासून आहेत. मग सामान्य माणसाने काय घ्यायचं? २०१८ च्या नियमांनी कमी ताकदीच्या सेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढा छोटा पट्टा परवान्यातून मोकळा केला आहे. या पट्ट्यातला, ताकदीची मर्यादा पाळणारा आणि सरकारची मान्यता असलेला सेट घेतला तर वेगळा परवाना लागत नाही. या मान्यतेला ईटीए म्हणतात आणि ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. म्हणून खोक्यावर दोन गोष्टी बघायच्या, फ्रिक्वेन्सी आणि ईटीए. दुकानदार ‘सगळे हेच नेतात’ म्हणाला तर ते उत्तर नाही.

बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच सेट पाच वॅटचे असतात आणि त्यांच्यावर वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येते. म्हणजे पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची सुद्धा. तुम्ही ‘वडापाव घेऊ का’ विचारत असता आणि तिकडे कुणाच्या तरी कामात खरखर होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटच्या विक्रीवरून १३ ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा पाठवल्या आणि त्याच महिन्यात विक्रीचे नियमही काढले. तेव्हा ऑनलाइन दिसतंय म्हणजे चालतंय, असं समजू नका.

दुसरा खड्डा अमेरिकेतून येतो. तिकडे आरव्ही घेऊन यलोस्टोनला जाणारी मराठी कुटुंबं दोन गाड्यांसाठी सुपरमार्केटमधून असे सेट सहज उचलतात, कारण तिथे एफआरएस नावाची सेवा परवान्याशिवाय वापरता येते. मग भारतात येताना कुणीतरी प्रेमाने तोच जोड भाच्यांसाठी घेऊन येतं. पण एफआरएस चालतं ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर. तो पट्टा आपल्याकडे मोकळा नाही. उलटही तेच: आपला ४४६ चा सेट तिकडे नेऊ नका, तो भाग तिथे हॅम रेडिओवाल्यांचा आहे. आमच्या मावसभावाने आणलेला जोड म्हणूनच माळ्यावर आहे. मुलं हळहळतात, पण काय करणार.

तिसरी गोष्ट, ‘संपूर्ण भारतात रेंज’ अशी जाहिरात केलेले वॉकी-टॉकी. त्यांच्यात सिम असतं. दिसायला वॉकी-टॉकी, आतून फोनच. ज्या घाटात फोन गप्प होतो तिथे तेही गप्प होणार. सोसायटीच्या सिक्युरिटीला ठीक आहेत, आपल्या कामाचे नाहीत. आणि सॅटेलाइटवर चालणारी यंत्रं तर परवानगीशिवाय आणूच नयेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अडवलं गेलं होतं. लडाखसारख्या सीमेजवळच्या भागात साधे सेटही न्यायच्या आधी तिथल्या प्रशासनाला विचारा.

रेंजबद्दल खोक्यावर आठ किलोमीटर, दहा किलोमीटर असं काहीही लिहिलेलं असतं. ते एका डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर बोललं तर. गाडीत बसून मोकळ्या हायवेवर एक-दोन किलोमीटर मिळाले तरी समाधान मानायचं. शहरात त्याहून कमी. या लहरी दिसण्याच्या रेषेत जातात. मधे डोंगराची सोंड आली की संपलं. शिवाय गाडी म्हणजे लोखंडी डबा, लहर बाहेर पडते ती काचेतून. त्यामुळे सेट गिअरजवळच्या कपाच्या खाचेत ठेवून बोलू नका. हातात, खिडकीच्या उंचीवर, अँटेना उभी. एवढ्याने आवाजात पडणारा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

मग आंबोलीत याचा काय उपयोग, असा प्रश्न काकांनी विचारलाच. दोन गाड्यांमध्ये पाच किलोमीटर पडले असते तर याच्यावरही आवाज गेला नसता. बरोबर आहे. पण पाच किलोमीटर पडूच द्यायचे नाहीत, हे त्यातून साधतं. आम्ही ठरवलंय की घाट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एकदा थांबायचं आणि घाटात दर पाच मिनिटांनी पुढच्या गाडीने हाक द्यायची. ‘दोन?’ ‘दोन आहे.’ ‘तीन?’ ‘तीन आहे.’ बस्स. उत्तर आलं नाही तर पुढची सुरक्षित रुंद जागा बघून पुढची गाडी थांबते आणि वाट बघते. वळणावर नाही, धुक्यात रस्त्याच्या कडेला नाही. म्हणजे मागे गाडी नाही हे कळायला चाळीस मिनिटांऐवजी पाच-दहा मिनिटं लागतात. आणि प्रत्येक गाडीत बिस्किटं आणि ग्लुकोज वेगळं. ते रेडिओने पोचवता येत नाही.

पहिल्याच प्रवासात एक गंमत लक्षात आली जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती, कारण ती मराठीची आहे. बटण दाबल्याबरोबर बोलायला सुरुवात केली तर पहिला तुकडा कापला जातो. सेटला चालू व्हायला क्षणभर लागतो. आता ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ हे दोन शब्द घ्या. दोघांचं शेपूट सारखं, फरक फक्त डोक्यात. डोकं कापलं की मागच्या गाडीत ऐकू येतं ‘...वीकडे वळा’. धारवाडजवळ तिसऱ्या गाडीने यावर ‘कुठल्या वीकडे?’ असं विचारलं आणि तोवर फाटा मागे गेला.

शेवटही कापला जातो, बटण लवकर सोडलं की. इंग्रजीत ‘डोन्ट’ आधी येतो. आपला नकार वाक्याच्या शेवटी बसतो. ‘थांबू नका’ मधला ‘नका’ गेला की उरतं ‘थांबू’. ‘ओव्हरटेक करू नकोस’ यातला ‘नकोस’ गेला तर काय होईल ते लिहायलाही नको वाटतं. ट्रकच्या मागे असलेल्या ड्रायव्हरला ‘ओव्हरटेक करू’ एवढंच ऐकू आलं तर तो विनोद राहत नाही.

म्हणून आमच्याकडे आता शब्द ठरलेत. दिशेसाठी ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’, मराठी अभिमान घरी ठेवून. (आमची काकू हुबळीची, ती ‘एडक्के’, ‘बलक्के’ म्हणते, तेही चालतं, त्यांचीही डोकी वेगळी आहेत.) नकाराची वाक्यं बंद. ‘वळू नका’ ऐवजी ‘सरळ या’. ‘थांबू नका’ ऐवजी ‘चालत राहा’. ओव्हरटेकबद्दल तर काहीच बोलायचं नाही. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आकडे सुटे सुटे: ‘साठ’ आणि ‘सात’ खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘सहा शून्य’. बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा, बोलायचं, पुन्हा एक श्वास, मग सोडायचं. आणि ऐकणाऱ्याने नुसतं ‘हं’ म्हणायचं नाही. ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. ‘लेफ्ट, टोलनंतर लेफ्ट.’

‘ओव्हर’ म्हणायचं की नाही यावर घरात दोन तट आहेत. बाबांना ते सिनेमातलं वाटतं. मला वाटतं म्हणावं, कारण नाहीतर दोघं एकदम बटण दाबतात आणि दोघांचंही कुणाला ऐकू येत नाही. मुलं मात्र प्रत्येक वाक्यामागे दोनदा म्हणतात.

सेट कुणाच्या हातात हा प्रश्न सोपा आहे: ड्रायव्हरच्या नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग धरलं आहे. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. मला त्यात ‘फोन’ हा शब्द नसून ‘हातात धरायचं साधन’ आहे हे महत्त्वाचं वाटतं. म्हणजे वॉकी-टॉकी धरूनही सुटका नाही. तसंही एका हाताने घाट उतरवणाऱ्याच्या शेजारी मला बसायचं नाही. सेट शेजारच्या सीटवर. आमच्याकडे मागच्या गाडीचा सेट दहा वर्षांच्या चुलत बहिणीकडे असतो आणि ती काकांपेक्षा नीट बोलते.

कॅरव्हॅन घेणार असाल तर सेटचा सगळ्यात जास्त उपयोग मुक्कामाच्या जागी होतो, गाडी मागे घेताना. एवढ्या लांब वाहनाच्या मागे काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही, आणि आपली ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स!’ ही पद्धत इंजिनाच्या आवाजात बुडते. एका माणसाने सेट घेऊन मागे उभं राहायचं, पण ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा बाजूला. अंतर आकड्यात सांगायचं: तीन मीटर, दोन, एक, थांब. आणि ड्रायव्हरशी आधी ठरवून ठेवायचं की आवाज बंद झाला किंवा माणूस आरशातून गेला तर लगेच ब्रेक. गाडी मागे घेतेवेळी ड्रायव्हरच्या बाजूचा सेटही दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या कानाजवळ धरावा. बाकी जनतेने सूचना करू नयेत. हा नियम आमच्या कुटुंबात टिकणार नाही हे मला माहीत आहे.

एक सांगायचं राहिलं. हा चॅनेल तुमचा खाजगी नाही. सेटमध्ये ‘प्रायव्हसी कोड’ नावाचं बटण असतं, पण त्याने फक्त इतरांचं बोलणं तुमच्या सेटवर येत नाही. तुमचं बोलणं बाहेर ऐकू येतंच. तेव्हा हॉटेलचं नाव, खोली नंबर, दागिन्यांची पिशवी कुठल्या डिकीत आहे, हे त्याच्यावर बोलू नका. सुनांबद्दल तर नकोच, त्या तिसऱ्या गाडीत असतात. आणि अपघात झाला, कुणाला बरं नाही, तर वॉकी-टॉकी पोलिसांना किंवा दवाखान्याला लागत नाही. त्यासाठी ११२ च. घाटात जिथे रेंजची एखादी काडी दिसेल तिथे थांबून तो लावा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुणाच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

निघायच्या आदल्या रविवारी एक तालीम करा. रात्री सेट चार्ज करून ठेवा, त्यांच्यावर चिकटपट्टीने एक, दोन, तीन असे आकडे लावा, चॅनेल एकच आहे ना बघा. एकाने घरी थांबायचं, एकाने यशवंतपूर मेट्रो स्टेशनकडे चालत जायचं आणि दर दोन मिनिटांनी बोलायचं. इमारतींच्या गर्दीत आवाज कुठे तुटतो ते कळतं, आजीलाही बटणाचा सराव होतो. आमच्या आजीने गेल्या वेळी पहिलं वाक्य बोललं ते असं: ‘येताना कोथिंबीर आण.’ बटण तिने वेळेवर सोडलं होतं, सगळं स्पष्ट ऐकू आलं. ओव्हर म्हणाली नाही.